नर्स कसे व्हायचे, हे अकरावीच्या आधी सांगा : एक खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील परिचर्या, म्हणजे नर्सिंग, शिक्षणाची मान्यता, प्रवेश, परीक्षा आणि नोंदणी यांची जबाबदारी सांभाळणारे सर्व सन्माननीय अधिकारी व पदाधिकारी यांस,

विषय : परिचर्या अभ्यासक्रम व नोंदणी यांची एकत्रित, अधिकृत माहिती प्रवेशापूर्वी मराठीत मिळण्याबाबत आणि निकालापासून नोंदणीपर्यंतच्या विलंबाबाबत.

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

गेल्या मे महिन्यात, भर दुपारी, जत तालुक्यातील एका गावाहून एक मुलगी वडिलांना घेऊन मिरजेत माझ्या घरी आली. तिची मावशी माझ्या ओळखीची, तेवढ्या आधारावर ती आली होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेले एक प्रमाणपत्र तिच्या हातात होते. त्याला सोनेरी किनार होती, वर ‘नर्सिंग’ हा शब्द मोठ्या अक्षरांत छापलेला होता आणि खाली तीन गोल शिक्के होते. बारावीनंतर एका खासगी संस्थेत तिने एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरा केला होता. त्यासाठी वडिलांनी दोन म्हशींपैकी एक विकली होती आणि उरलेले पैसे हातउसने घेतले होते. नोंदणी क्रमांक टपालाने घरी येईल, असे तिला सांगण्यात आले होते, आणि आठ महिने ती टपालाची वाट पाहत होती. मग एका भरतीचा ऑनलाइन अर्ज भरताना परिचर्या परिषदेच्या नोंदणी क्रमांकाचा रकाना समोर आला आणि तो रिकामा ठेवून अर्ज पुढे सरकेना. त्या रकान्यात काय लिहायचे, एवढेच विचारायला ती आली होती.

मी ते प्रमाणपत्र दोनदा वाचले आणि तिला खरे ते सांगितले, की या अभ्यासक्रमावर परिचारिका म्हणून नोंदणी मिळत नाही, तेव्हा टपालाची वाट पाहू नकोस. मुलगी काही बोलली नाही. वडिलांनी मात्र विचारले, “बाई, हे आम्हाला आधी सांगायचं काम कुणाचं होतं?”

मला त्याचे उत्तर देता आले नाही, म्हणून तो प्रश्न मी आपल्यापुढे ठेवत आहे. त्या संस्थेचे नाव मी येथे लिहीत नाही. तिच्याविरुद्ध दाद मागायची की नाही, हे त्या कुटुंबाने ठरवायचे आहे आणि मागायचे ठरले तर मी त्यांच्यासोबत जाईन. हे पत्र त्या एका संस्थेपुरते नाही. पैसे भरण्याच्या आधी त्या बापलेकींना शासनाचा शिक्का असलेला, चार ओळींचा, समजेल असा मराठी कागद कोठेही मिळाला नाही, आणि जी पोकळी राहिली ती सोनेरी किनारीच्या प्रमाणपत्राने भरून काढली, हे माझे दुःख आहे.

मी स्वतः परिसेविका, म्हणजे वॉर्डची प्रमुख सिस्टर, म्हणून निवृत्त झाले. माझे माहेरही त्याच कोरड्या पट्ट्यातले. दहावीनंतर ए.एन.एम. हा परिचर्येचा सर्वांत पहिल्या पायरीचा, त्या काळी दीड वर्षाचा असलेला अभ्यासक्रम केला, उपकेंद्रावर आरोग्यसेविका म्हणून लागले, नोकरी करता करता बाहेरून बारावी झाले, मग तीन वर्षांचे जी.एन.एम., म्हणजे परिचर्येची पदविका, केले, अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स, म्हणून वॉर्डात रुजू झाले आणि चाळिशी उलटल्यावर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी., म्हणजे पदविकेनंतरची पदवी, पूर्ण केले. साडेसहा वर्षे मी वर्गात आणि प्रात्यक्षिकात घालवली, तेव्हा कुठे जी पदवी हाती आली ती माझ्याच वयाच्या शहरातल्या मुली चार वर्षांत घेऊन मोकळ्या झाल्या होत्या. उपकेंद्राने मला जे शिकवले ते मी कशाशीही बदलणार नाही. कंदिलाच्या उजेडात केलेली बाळंतपणे पुढे प्रसूती विभागात मला पावलोपावली उपयोगी पडली. तरीही तो रस्ता मी निवडलेला नव्हता, कारण दुसरा रस्ता आहे हेच मला कोणी सांगितले नव्हते. त्या वेळी फोन नव्हता, इंटरनेट नव्हते, आमच्या गावात वर्तमानपत्रही दुसऱ्या दिवशी यायचे. आज त्या मुलीच्या हातात स्मार्टफोन होता आणि तरीही ती माझ्यापेक्षा अधिक फसली.

हे आमच्या भागात घडावे, याचे मला विशेष वाईट वाटते. डॉ. विल्यम वॉन्लेस यांच्या मिशन हॉस्पिटलमुळे मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच परिचारिकांच्या शिक्षणाची सुरुवात झाली. येथे १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सांगलीत आणि कराडात अभिमत विद्यापीठांची वैद्यकीय आणि परिचर्या महाविद्यालये आहेत, आणि साताऱ्यातही आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. कृष्णाकाठी परिचर्या शिकवणाऱ्या जागा पुष्कळ आहेत, पण कोणत्या दारातून गेल्यावर कुठवर पोहोचता येते हे एका ठिकाणी लिहिलेले मात्र मला आजवर सापडलेले नाही. म्हणून प्रथम ते मीच लिहिते, कारण त्याशिवाय माझ्या तक्रारींचा अर्थ लागणार नाही.

ए.एन.एम., म्हणजे सहाय्यकारी परिचारिका प्रसाविका (प्रसाविका म्हणजे बाळंतपण करणारी), हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम फक्त मुलींसाठी आहे आणि त्याला बारावी लागते. विज्ञान शाखेचीच अट नाही. त्यावरची नोंदणी वेगळ्या वर्गात होते. या शिक्षणावर मुलगी प्रामुख्याने उपकेंद्रात आरोग्यसेविका होते. सपाट भागात साधारण ५,००० आणि डोंगरी वा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असे प्रमाण सरकारनेच ठरवलेले आहे. म्हणजे लसीकरणापासून गरोदर मातांच्या तपासणीपर्यंत एका अख्ख्या पंचक्रोशीचा भार तिच्या खांद्यावर असतो. हे काम कोणत्याही अर्थाने कमी प्रतीचे नाही. मात्र ए.एन.एम. झालेल्या मुलीला रुग्णालयात अधिपरिचारिका होता येत नाही, आणि ही गोष्ट प्रवेश घेताना बहुतेक मुलींना ठाऊक नसते.

जी.एन.एम. ही तीन वर्षांची पदविका आहे. बारावी कोणत्याही शाखेतून, इंग्रजीसह, ४० टक्क्यांनी उत्तीर्ण असले तरी चालते, विज्ञान शाखेला प्राधान्य असते. नोंदणीकृत ए.एन.एम.लाही या अभ्यासक्रमाचे दार उघडे आहे. बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी आहे आणि २०२१-२२ पासून ती आठ सत्रांत शिकवली जाते. तिला बारावी विज्ञान शाखेतून, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी या विषयांसह किमान ४५ टक्के गुणांनी उत्तीर्ण व्हावे लागते, राखीव प्रवर्गांना ४० टक्के, आणि राज्याच्या प्रवेशप्रक्रियेतून जागा हवी असेल तर सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पदविकेची परीक्षा राज्याचे शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते, संलग्न महाविद्यालयांतील पदवीची परीक्षा नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते आणि अभिमत विद्यापीठे आपापल्या परीक्षा स्वतः घेतात. शेवटी मात्र पदविका असो वा पदवी, नोंदणी १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखालील राज्य परिषदेकडेच होते, आणि ती एकाच वर्गात होते : नोंदणीकृत परिचारिका आणि नोंदणीकृत प्रसाविका.

येथेच सगळा गोंधळ सुरू होतो. नोंदणी एकच आहे म्हणून जी.एन.एम. आणि बी.एस्सी. अगदी सारखेच, असे संस्थेतले लोक पालकांना सांगतात. अधिपरिचारिकेच्या पदापुरते ते खरेही आहे. रात्री दोन वाजता सलाईन लावणारा हात पदविकेचा की पदवीचा, हे रुग्णाला कळत नाही आणि कळण्याचे काही कारणही नाही; माझ्या हाताखालच्या उत्तमातल्या उत्तम सिस्टर जी.एन.एम. झालेल्या होत्या. पण त्या पदाच्या पुढे वाट दुभंगते. एम.एस्सी. नर्सिंगला पदवी किंवा पोस्ट बेसिक पदवी आणि एक वर्षाचा अनुभव लागतो, म्हणून परिचर्या महाविद्यालयात प्राध्यापक व्हायचे तर पदविकेवर थांबून चालत नाही. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीला बी.एस्सी. झालेली मुलगी शिक्षण संपताच बसू शकते, जी.एन.एम. झालेल्या मुलीला मात्र किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव आधी गाठीशी बांधावा लागतो. पदविकेवरून पदवीकडे नेणारा दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी.चा जोडमार्ग आहे, आणि तो चांगलाही आहे. पण बेरीज करून पाहावी. जी.एन.एम. आणि पोस्ट बेसिक मिळून पाच वर्षे होतात. ए.एन.एम.पासून सुरुवात केली, तर दोन, तीन आणि दोन अशी सात वर्षे. थेट पदवीला चार. पहिले पाऊल कोणत्या दारात पडले यावर मुलीच्या आयुष्याची तीन वर्षे अवलंबून आहेत, आणि त्या तीन वर्षांत तिच्या लग्नाचा विषय घरात किती वेळा निघतो हे मी वेगळे सांगायला नको.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार अशी, की हा निर्णय बारावीनंतर होतो असे आपण धरून चालता, प्रत्यक्षात तो अकरावीच्या प्रवेशालाच होऊन गेलेला असतो. ज्या मुलीने अकरावीला कला शाखा घेतली तिच्यासाठी थेट पदवीचे दार पंधराव्या-सोळाव्या वर्षीच बंद झाले, आणि ते बंद झाले हे तिला दोन वर्षांनी कळते. जत, आटपाडी, माण, खटाव या भागांत घराजवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात अनेकदा कला शाखाच असते, विज्ञानासाठी रोज एसटीने तालुक्याला जावे लागते, आणि मुलीला रोज तालुक्याला पाठवायचे की नाही हे घरातले ठरवतात. “नर्सच व्हायचंय ना, मग आर्ट्सला काय झालं?” हे वाक्य मी किमान पाच-सहा घरांत ऐकले आहे. ते बोलणारे कोणी मुलीच्या वाईटावर नव्हते. त्यांना जे ठाऊक होते त्या हिशेबाने ते बरोबरच बोलत होते. दहावीच्या वर्गात जाऊन या भेदाची माहिती देणे हे कोणत्याही एका कार्यालयाच्या कामात बसत नाही, म्हणून ते कोणीच करत नाही.

याला जोडूनच पैशांची गोष्ट येते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या इतर मागास वर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक आणि सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग या प्रवर्गांतील मुलींना, शासनाच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अभिमत विद्यापीठे आणि व्यवस्थापन कोटा यांना ही सवलत नाही. म्हणजे त्याच बी.एस्सी. नर्सिंगसाठी, प्रवेश कोणत्या वाटेने घेतला यावर एका घराला शुल्क शून्य पडते आणि दुसऱ्याला शेत गहाण टाकावे लागते. ही सवलत आणल्याबद्दल शासनाचे मी मनापासून आभार मानते. पण जतच्या त्या मुलीला बारावीला जीवशास्त्र होते, ४५ टक्क्यांहून बरेच अधिक गुण होते आणि ती सवलतीच्या प्रवर्गातलीही होती. प्रवेश परीक्षा कधी असते हेच तिला कळले नाही. जिच्यासाठी चार वर्षांची पदवी कदाचित बिनशुल्क होती, तिने एक वर्षाच्या निरुपयोगी कागदासाठी घरातली म्हैस घालवली. त्या दुपारी तिच्या वडिलांना ही गोष्ट सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. आज प्रथमच येथे लिहीत आहे.

दुसरी तक्रार अशा नोंदणीविना अभ्यासक्रमांची आहे. रुग्ण सहायकाचे प्रशिक्षण मुळात वाईट नाही. रुग्णाला कूस बदलून देणे, अंग पुसणे, भरवणे, व्हीलचेअरवरून एक्स-रेला नेणे ही कामे शिकलेल्या माणसाची गरज प्रत्येक रुग्णालयाला आहे आणि त्या कामाला मान मिळालाच पाहिजे. माझा आक्षेप ‘नर्सिंग’ हे नाव लावून ते विकण्याला आहे. पांढरा गणवेश, टोपी, शपथविधी, फोटो, सगळे आमच्यासारखेच करायचे आणि शेवटी जो क्रमांक मिळतच नाही त्याचे आश्वासन द्यायचे, हे एसटी स्टँडच्या भिंतीवर जाहिरात लावून राजरोस चालते. असे अभ्यासक्रम टिकतात, कारण त्यांतून बाहेर पडलेल्या मुलींना कमी पगारावर परिचारिकेच्या कामाला लावणारी रुग्णालये आहेत. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा आपल्याकडे १९४९ पासून आहे आणि अर्हताप्राप्त परिचारिका असणे ही त्या नोंदणीची अट आहे. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी कर्तव्यावरच्या प्रत्येकीचा नोंदणी क्रमांक जागेवर पडताळला, तर भिंतीवरच्या जाहिराती आपोआप उतरतील.

तिसरी तक्रार निकाल लागल्यापासून नोंदणी हाती पडेपर्यंतच्या काळाची. माझ्या भाचीने जी.एन.एम. उत्तम गुणांनी पूर्ण केले. गुणपत्रिकेवर तिच्या आडनावातील एक अक्षर आधार कार्डापेक्षा वेगळे छापले गेले होते. ती दुरुस्ती कोणी करायची यावर दोन कार्यालयांचे एकमत होईना, आणि त्यातच तिच्या संस्थेने किरकोळ बाकी दाखवून दहावी-बारावीची मूळ कागदपत्रे अडवून ठेवली. शिक्षण संपल्यावर नऊ महिने ती एका रुग्णालयात पूर्ण वेळ काम करत होती. रात्रपाळ्या करत होती, हँडओव्हर देत-घेत होती, इंजेक्शने देत होती, आणि नोंदणी क्रमांक नाही या कारणाने तिला शिकाऊ म्हणून निम्म्याहून कमी पगार मिळत होता. संस्था, कार्यालये आणि रुग्णालय, कोणाचेच नाव मी घेत नाही, कारण प्रत्येकाने आपापल्या नियमावर बोट ठेवले होते. माझे म्हणणे एवढेच, की विनानोंदणी परिचर्या करणे कायद्याला मान्य नसेल, तर पात्र मुलीला नऊ महिने विनानोंदणी ठेवणेही कायद्याला मान्य असता कामा नये. त्या नऊ महिन्यांत तिच्या हातून औषधाच्या मात्रेत चूक झाली असती, तर जबाबदारी कोणाची ठरली असती?

चौथी तक्रार शिकवण्याबद्दलची आहे आणि ती लिहिताना माझा हात जड होतो, कारण मी माझ्याच क्षेत्राविषयी लिहीत आहे. परिचर्या संस्थेला किमान १०० खाटांचे पालक रुग्णालय, म्हणजे संस्थेला जोडलेले रुग्णालय, हवे आणि प्रात्यक्षिकात एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण असावेत, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. तो निकष शहाणपणाने ठरवलेला आहे. बेडशीटची घडी घालण्यापासून ट्रॅकिओस्टॉमीच्या, म्हणजे श्वासासाठी गळ्याला पाडलेल्या छिद्राच्या, निगेपर्यंत आमचे सगळे शिक्षण रुग्णाच्या उशाशी होते, ते फळ्यावर होत नाही. परंतु माझ्या सेवेच्या शेवटच्या वर्षांत माझ्या वॉर्डात अशा विद्यार्थिनी येऊ लागल्या, ज्यांनी तिसऱ्या वर्षापर्यंत एकाही रुग्णाला रायल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी, घातलेली नव्हती, मात्र ज्यांच्या जर्नलमध्ये ती कृती ठरलेल्या संख्येइतकी नोंदलेली आणि सही-शिक्क्यांनिशी पूर्ण होती. त्या मुली आळशी नव्हत्या. त्यांच्या संस्थेच्या कागदोपत्री रुग्णालयात रुग्णच नव्हते. एका संध्याकाळी त्यांतल्या एकीने मला हळूच विचारले, “सिस्टर, खऱ्या पेशंटला लावताना हात थरथरला तर काय करायचं?” मी पुढचे दोन महिने त्या गटाला माझ्या पाळ्यांना बोलावून घेतले. पण अशी व्यवस्था एखाद्या परिसेविकेच्या सवडीवर सोडता येणार नाही. प्रवेश घेणाऱ्या मुलीला संस्थेची इमारत दिसते, वॉर्ड दिसत नाही, आणि नेमका वॉर्डच तिला पाहायला मिळाला पाहिजे.

शेजारच्या कर्नाटकात जाऊन शिकणाऱ्या मुलींचा प्रश्न स्वतंत्र आहे, त्याचा येथे ओझरता उल्लेख पुरे. जतहून विजयपूर जवळ पडते, म्हणून मुली तिकडे जातात. परत आल्यावर आधी तेथील आणि मग येथील नोंदणी, अशा दोन फेऱ्या त्यांना कराव्या लागतात, आणि हेही त्यांना परत आल्यावरच कळते.

शेवटची तक्रार येऊ घातलेल्या बदलाविषयीची. संसदेने २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा केला. १९४७ चा भारतीय परिचर्या परिषद कायदा मागे पडून राष्ट्रीय आणि राज्य आयोगांची नवी रचना येण्याची त्यात तरतूद आहे. रचना बदलायला माझा विरोध नाही. परंतु यापूर्वीही जी.एन.एम. बंद होणार, चालू राहणार, अशा उलटसुलट बातम्यांनी गावोगावच्या मुलींनी वर्ष वर्ष वाया घालवलेले मी पाहिले आहे. आज शिकत असलेल्या मुलीचे, आज नोंदणी असलेल्या सिस्टरचे आणि दर पाच वर्षांच्या नूतनीकरणाचे नव्या रचनेत काय होणार, हे अफवेतून कळण्याआधी आपल्याकडून कळावे.

या सर्वांवर माझ्या मागण्या साध्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना फारसा खर्चही नाही.

सर्व संबंधित कार्यालयांनी मिळून, सर्वांच्या सहीने, एक पानाचे मराठी माहितीपत्रक दरवर्षी डिसेंबरपूर्वी काढावे. त्यात प्रत्येक अभ्यासक्रमाचा कालावधी, अकरावीला घ्यावयाची शाखा, परीक्षा घेणारी संस्था, नोंदणीचा वर्ग, त्यावर मिळणारी पदे, पुढच्या शिक्षणाची वाट आणि शुल्कमाफीच्या अटी एवढेच असावे. ते प्रत्येक माध्यमिक शाळेच्या दहावीच्या वर्गात वाचून दाखवले जावे आणि प्रत्येक उपकेंद्राच्या भिंतीवर लावले जावे. संकेतस्थळावर टाकून काम झाले असे कृपया मानू नये.

सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांतील मान्यताप्राप्त संस्थांची यादी, प्रत्येक संस्थेच्या मंजूर जागा, तिचे पालक रुग्णालय आणि तेथील प्रत्यक्ष भरलेल्या खाटांची मासिक सरासरी यांसह, प्रवेश सुरू होण्याच्या किमान एक महिना आधी जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्या कार्यालयांबाहेर लावली जावी. यादीत नसलेल्या कोणत्याही अभ्यासक्रमाच्या जाहिरातीत ‘नर्सिंग’ हा शब्द वापरला गेल्यास त्यावर कारवाई कोण करणार, त्या अधिकाऱ्याचे पदनाम त्याच यादीखाली लिहिलेले असावे.

निकाल जाहीर झाल्यापासून ४५ दिवसांत नोंदणी झालीच पाहिजे, अशी मुदत बांधावी. त्रुटी असेल तर ती एकदाच आणि एकत्र कळवावी, आणि नावातील अक्षरांची दुरुस्ती जिल्ह्याच्या ठिकाणी शिबिर घेऊन त्याच दिवशी करून द्यावी. मूळ कागदपत्रे अडवून ठेवणाऱ्या संस्थेला पुढच्या वर्षीचे प्रवेश देण्यापूर्वी त्याचा जाब विचारला जावा. नोंदणी प्रलंबित असताना काम करणाऱ्या पात्र मुलींना किमान किती वेतन द्यायचे आणि त्यांनी कोणाच्या देखरेखीखाली काम करायचे, हेही लेखी ठरवावे.

सेवेत असलेल्या ए.एन.एम. आणि जी.एन.एम. भगिनींसाठी पुढच्या शिक्षणाच्या राखीव जागा आणि अभ्यासरजा यांचे नियम त्यांच्या आस्थापनेने दरवर्षी त्यांच्या हातात द्यावेत. मला माझ्या पोस्ट बेसिकच्या जागेची माहिती एका सहकारी सिस्टरने, बसमध्ये, अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी दिली होती. पुढच्या पिढीची पदवी अशा योगायोगावर अवलंबून राहू नये.

जतची ती मुलगी या वर्षी सामाईक प्रवेश परीक्षेची तयारी करते आहे. दर रविवारी ती एसटीने मिरजेला येते आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही दोघी जीवशास्त्राची उजळणी करतो. तिचे एक वर्ष आणि वडिलांची म्हैस परत येणार नाही, पण तिच्या गावातल्या शाळेत यंदा दहावीला ज्या मुली आहेत त्यांना मार्चपूर्वी ते एक पान मिळू शकते. आपण ते छापून द्यावे. या दोन जिल्ह्यांतल्या कोणत्याही शाळेत जाऊन, स्वतःच्या खर्चाने, ते वाचून दाखवायला आणि मुलींच्या प्रश्नांची उत्तरे द्यायला मी तयार आहे, आणि माझ्यासारख्या आणखी काही निवृत्त सिस्टर बरोबर येतील अशी मला खात्री आहे. आपल्या लेखी उत्तराची मी वाट पाहत आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका,
मिरज, जिल्हा सांगली